पाणी कितव्या पायरीवर होते?

महाडचा इतिहास म्हटले की ठरावीक गोष्टी पुढे येतात. जवळचा रायगड, 1796 मध्ये नाना फडणवीस इथे असताना झालेला महाडचा तह, 20 मार्च 1927 चा चवदार तळ्याचा सत्याग्रह, त्याच वर्षी 25 डिसेंबरला झालेले मनुस्मृतीचे दहन, 1942 मध्ये नाना पुरोहितांच्या नेतृत्वाखाली निघालेला मोर्चा. या गोष्टी पुस्तकांत आहेत, स्मारकांवर आहेत, त्यांची काळजी घेणारी माणसेही आहेत. ज्याची काळजी कुणीच घेत नाही ते दुसरे महाड आज सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्यांच्या डोक्यात आहे. भरतीच्या पाण्यावर सावित्री नदीतून वर येणारे मचवे कुठे लागत, सुकट गल्लीत पाणी शिरले की भोई घाटाकडून कोणती वाट तुटे, छबिन्याच्या जत्रेदिवशी वीरेश्वराच्या देवळापाशी कुठल्या गावची मंडळी कुठे उतरत, हे कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. लहानपणीच्या या आठवणी म्हणजे निव्वळ रम्य गप्पा नव्हेत, तो पुरावा आहे आणि पुराव्याच्याच शिस्तीने तो गोळा करायला हवा, असे माझे म्हणणे आहे. इतर गावांपेक्षा महाडला याची निकड जास्त आहे, कारण इथला कागद टिकत नाही. 2005 आणि 2021 च्या पुरांत घराघरांतले फोटो, चोपड्या, दाखले चिखलात गेले. माळ्यावर चढवलेले सामानही सगळे वाचले नाही.

हे काम दिसायला सोपे आहे. आजोबांपुढे फोन ठेवायचा आणि म्हणायचे, ‘लहानपणच्या गोष्टी सांगा.’ अशा प्रश्नाला उत्तरही ठरलेले येते: तेव्हाचे महाड वेगळेच होते, माणसे प्रेमळ होती, स्वस्ताई होती. यातून हाती काही लागत नाही. तोच प्रश्न ‘शाळा सुटली की घरी कुठल्या वाटेने यायचात?’ असा विचारला की बोलणे एकदम जमिनीवर येते. काकरतळ्याकडून वळायचे, तांबट आळीत ठोक्यांचा आवाज सुरू झाला की घर जवळ आले असे समजायचे, अमक्याच्या ओट्यावर टेकायचे. कोरा कागद आणि पेन्सिल पुढे सरकवली तर माणूस स्वतःच रेघ ओढतो आणि मध्येच थांबून ती खोडतो. ते खोडणे सगळ्यात मोलाचे असते, कारण तिथे तो ऐकीव चित्र बाजूला ठेवून डोळ्यांनी पाहिलेले शोधत असतो. पुराचेही तसेच. ‘पूर केवढा होता?’ याला ‘फार मोठा’ हेच उत्तर मिळते. ‘पाणी कितव्या पायरीवर होते?’ असे विचारले तर आजी उठून दाराशी येतात आणि तिसऱ्या पायरीवर काठी टेकवतात. घर जुनेच असेल तर टेप लावून त्या पायरीची रस्त्यापासूनची उंची मोजता येते. मधल्या काळात रस्ता किती वर आला आहे याचा अंदाजही तिथेच घ्यावा लागतो. हवामानाच्या बातमीत सावित्रीची महाडजवळची धोका पातळी 6.5 मीटर अशी सांगतात. पायरी आणि मीटर यांची सांगड घातली की आठवणीला माप मिळते.

वर्ष मात्र आठवणीला विचारू नये. ‘तेव्हा कितवीत होतात?’ एवढेच विचारावे आणि शाळेच्या जनरल रजिस्टरात प्रवेशाची तारीख पाहावी. त्या पिढीच्या दाखल्यावरची जन्मतारीख उपयोगाची नाही. मास्तरांनी कित्येकांना 1 जूनलाच जन्माला घातलेले आहे. इयत्ता सहसा चुकत नाही, कारण वर्ग, शेजारी बसणारा मुलगा आणि मारकुटे गुरुजी एकत्रच आठवतात.

आठवणी बेभरवशाच्या असतात, हा आक्षेप जुना आहे आणि खराही आहे. दोन पूर एकात मिसळतात, वडिलांनी पाहिलेले आपणच पाहिले असे वाटू लागते. त्यामुळे आठवण टाकून द्यावी असे ठरत नाही, तिची मर्यादा आखावी लागते एवढेच. ती मर्यादा कशी आखावी याचा धडा महाडातच आहे. चवदार तळ्यावरून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध 1927 मध्ये दावा दाखल झाला. तळे अस्पृश्यांनी वापरायचे नाही ही पूर्वापार चालत आलेली वहिवाट आहे, असे वादींचे म्हणणे होते. महाडचे न्यायालय, मग ठाणे, मग 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालय: तिन्ही ठिकाणी वादी हरले. अनादी काळापासूनची वहिवाट सिद्ध झाली नाही, असे उच्च न्यायालयाने ठरवले. ‘मी लहानपणापासून असेच पाहतो आहे’ हे माणूस प्रामाणिकपणे सांगू शकतो. ‘पूर्वीपासून असेच होते’ हे सांगण्याचा अधिकार त्याच्या आठवणीला नाही. नोंद करणाऱ्याने ही दोन वाक्ये दोन वेगळ्या रकान्यांत लिहावीत. मग आठवणीवर जेवढा भार पेलतो तेवढाच टाकला जातो.

हा भेद पुराच्या आजच्या वादातही कामाला येतो. सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांचे पाणी एकदम आले आणि खाली बाणकोटच्या खाडीत त्याच वेळी भरती असली की महाड बुडते. हे नवे नाही. पूर्वी पाणी चढायचे तसे उतरायचे, आता ते ठाण मांडून बसते, असे गावकरी म्हणतात. दासगावच्या बाजूचा कोकण रेल्वेचा भराव आणि नदीत साचलेला गाळ यांच्याकडे ते बोट दाखवतात. रेल्वे पूर्ण मार्गावर 1998 मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या पुरांत पाणी किती वेळ थांबायचे याचा हिशेब आज कुणाकडे मागायचा? ज्यांनी दहाव्या वर्षी रात्र माळ्यावर काढली आणि सकाळी खाली उतरून चिखल उपसला त्यांच्याकडेच. एकाच्या सांगण्याने काही ठरणार नाही. पण वेगवेगळ्या आळ्यांतली, एकमेकांशी न बोललेली वीस माणसे एकाच पुराबद्दल ‘दुपारपर्यंत ओसरले’ असे म्हणाली, तर अभियंत्यांनी ते ऐकले पाहिजे. गाळ काढण्याचे काम 2021 नंतर झाले, त्याचा उपयोग किती झाला हे तपासायलाही जुनी तुलना लागेलच.

याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे. बालपणाच्या आठवणी गोड असतात आणि तो गोडवा गावातला अन्याय झाकून टाकतो. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. तळ्याच्या पायऱ्यांवर खेळल्याची एकाची आठवण आणि त्याच तळ्याला वळसा घालून तहानलेले घरी गेल्याची दुसऱ्याची आठवण एकाच गावातल्या आहेत. 1903 साली जन्मलेले, दासगावचे कॉम्रेड आर. बी. मोरे यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या म्हणून आपल्याला कळते की शिष्यवृत्ती मिळवलेल्या या मुलाला महाडच्या इंग्रजी शाळेने आधी प्रवेश नाकारला, त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिल्यावर तो मिळाला, आणि तरीही बसायची जागा वेगळीच राहिली. बाजाराला आलेल्या अस्पृश्यांना पिण्याचे पाणी मिळत नसे, हेही त्यांनी लहान वयात पाहिले. 1927 का घडले हे या आठवणीतून समजते तसे कुठल्याच ठरावातून समजत नाही. इंग्लंडमध्ये जॉर्ज युअर्ट इव्हान्स यांनी सफोकमधल्या ब्लॅक्सहॉल गावातल्या म्हाताऱ्या शेतमजुरांचे बोलणे टिपून 1956 मध्ये पुस्तक केले, तेव्हा त्यांनीही जमीनदाराच्या वाड्याऐवजी मजुरांची दारे ठोठावली होती. महाडात बाजारपेठेतल्या दहा घरांच्या आठवणी छापून ‘आमचे महाड’ म्हणणे चुकीचे ठरेल. काजळपुऱ्यातले मोहल्ले, भीमनगर, भोई मंडळी, औद्योगिक वसाहत आल्यावर कामाला आलेली कुटुंबे, आणि सगळीकडच्या बायका, यांच्यावाचून तो पुरावा एकतर्फीच राहतो. बायकांना तर मुद्दाम विचारावे लागते, कारण घरातले पुरुष त्यांच्या वतीने उत्तर देऊन मोकळे होतात. पाणी कुठून भरायचे, कुणाच्या विहिरीवर कुणाला थांबावे लागे, हे बारकाईने त्याच सांगू शकतात.

शेजारच्या पोलादपूरकडे हेच काम आणखी अवघड होते, कारण तिथल्या आठवणी गावात राहिलेल्या नाहीत. वाडीत दोन-चार म्हातारी माणसे, आणि त्यांच्याबरोबर वाढलेले बाकीचे लालबाग-परळच्या चाळींत किंवा त्याही पुढे डोंबिवली-विरारला. गिरणीत राबून निवृत्त झालेल्या माणसाला वाडीची प्रत्येक पाऊलवाट पाठ असते, पण त्याला विचारायला मुंबईत जावे लागते. ग्रामस्थ मंडळांच्या बैठका अजून होतात, सुरुवात तिथूनच करावी. दरडी कोसळलेल्या गावांत हे काम आणखी नाजूक आहे: जुलै 2005 मध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते. 22 जुलै 2021 ला तळिये, आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे, साखर सुतारवाडी. दरडीखाली घरे गेली, माणसे गेली, उरलेल्यांचे पुनर्वसन दुसरीकडे झाले. तिथे कुठले घर कुणाचे, झरा कुठे फुटायचा, डोंगराला भेग आधी कुणी पाहिली, हे सांगणारे म्हातारे थोडेच आहेत. 2005 मध्ये जी मुले दहा वर्षांची होती ती आता तिशीत आहेत, नोकरीत आहेत. त्यांच्याकडे ‘बालपणीच्या आठवणी’ मागायला कुणी जात नाही, कारण ती म्हातारी नाहीत. त्यांना विचारताना घाई नको आणि बोलायचे नसेल तर आग्रहही नको. पण झरा अचानक गढूळ झाला होता का, तो कोणत्या वर्षापासून आटला, असा साधा प्रश्न ती मुले ओळखतात आणि त्याचे उत्तर देतात. त्या नोंदीची एक प्रत पुनर्वसन झालेल्या वस्तीच्या शाळेत आणि दुसरी तालुक्याला, पुराचे पाणी न चढणाऱ्या मजल्यावर ठेवली पाहिजे.