प्रावरणी-अवकाश : एका संज्ञेची चिकित्सा

शरीररचनाशास्त्रातील काही संज्ञा अशा आहेत की, त्यांचा शब्दशः अर्थ घेणाऱ्याची फसगत झाल्यावाचून राहत नाही. चेहरा व मान यांतील ‘प्रावरणी-अवकाश’ ही त्यांपैकी एक होय. ‘फॅशिअल स्पेस’ या इंग्रजी संज्ञेचा हा प्रतिशब्द. ‘फॅशिया’ या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पट्टी अथवा बंध. स्नायू, ग्रंथी व रक्तवाहिन्या यांना वेढणाऱ्या ऊतींच्या पापुद्र्यांस ते नाव मिळाले. मराठीतील ‘प्रावरणी’ म्हणजे पांघरूण घालणारी. हा शब्दही वस्तूस साजेसा आहे. आक्षेप आहे तो ‘अवकाश’ या दुसऱ्या पदाविषयी.

निरोगी मनुष्याच्या चेहऱ्यात असा अवकाश नसतोच. पापुद्रे सैल ऊतींनी परस्परांशी जोडलेले असतात. काही ठिकाणी त्यांच्यामध्ये लाळग्रंथी, मेद अथवा नसा असतात. परंतु रिकामी जागा कोठेही नसते. घडी घातलेल्या उपरण्याच्या दोन पदरांमध्ये हात घालावा तेव्हाच पोकळी दिसावी, तसा हा प्रकार आहे. पू अथवा सूज आली म्हणजे पदर विलग होतात. रोग अवकाशात शिरत नाही. तो अवकाश करीत पुढे सरकतो. ग्रोडिन्स्की व होलिओक यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मृतदेहांच्या पापुद्र्यांमध्ये द्रव्य टोचून हे मार्ग पाहिले, तेही याच कारणास्तव. जे मुळात उघडे नाही, ते उघडल्यावाचून दिसणार कसे?

किडलेल्या दाताच्या मुळाशी साठलेला पू कोणत्या बाजूस वळेल, हे अंतरापेक्षा अडसरांवर अवलंबून असते. हाड जेथे पातळ, तेथून तो बाहेर पडतो; त्यानंतर त्याची दिशा ठरते ती जवळचा स्नायू हाडाला कोठे चिकटला आहे त्यावरून. खालच्या जबड्याच्या आतील अंगास मायलोहायॉइड हा स्नायू चिकटलेला असून तोच तोंडाचा तळ होय. त्याची रेषा पुढे खाली व मागे वर अशी तिरपी जाते. त्यामुळे उपदाढा व पहिली दाढ यांच्या मुळांची टोके बहुधा या रेषेच्या वर राहतात, तर दुसऱ्या दाढेची व अक्कलदाढेची खाली. परिणामी शेजारशेजारच्या दोन दाढांपैकी एकीचा पू जिभेखाली उतरतो आणि दुसरीचा जबड्याखाली मानेत. दाढा शेजारी खऱ्या. पण रेषेशी असलेले त्यांचे नाते निराळे, म्हणून रोगाचे नावही निराळे. भाषेच्या अभ्यासकास हा न्याय अपरिचित वाटू नये. तथापि ही भिंत अखंड नव्हे. स्नायूच्या मागील मोकळ्या कडेवरून वरचा व खालचा अवकाश एकमेकांस मिळतात.

स्टुटगार्टचे वैद्य विल्हेल्म फ्रीडरिश फॉन लुडविग यांनी १८३६ साली वर्णिलेला विकार याच वाटेने होतो. त्यांच्या नावाने तो ‘लुडविगचा अँजायना’ म्हणून ओळखला जातो. आज ‘अँजायना’ म्हटले की ऐकणाऱ्याचे लक्ष हृदयाकडे जाते. परंतु या शब्दामागील लॅटिन धातूचा अर्थ आवळणे, घुसमटविणे असा आहे, आणि येथे तो अक्षरशः खरा ठरतो. हनुवटीखालील व जिभेखालील भाग दोन्ही बाजूंनी लाकडासारखे टणक होतात; जीभ वर व मागे ढकलली जाते; उच्चार दबलेले व अस्पष्ट होतात; लाळ गिळवत नाही. प्रारंभी पुष्कळदा पूच नसतो, केवळ ऊतींचा दाह असतो. म्हणजे पूने भरलेला ‘अवकाश’ शोधीत बसणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, आणि इकडे रोग्याची श्वासवाट बंद होत असते. प्रतिजैविकांपूर्वीच्या काळात निम्म्याहून अधिक रोगी दगावत. आजही पहिले काम श्वासमार्ग राखण्याचे; छेद घेणे, औषध देणे व दाढ काढणे ही कामे त्यानंतरची.

वरच्या जबड्याची हकीकत थोडक्यात सांगता येते. सुळ्याचा पू नाकाच्या बाजूस गाल फुगवितो आणि क्वचित शिरांच्या वाटे मेंदूच्या तळाशी असलेल्या कॅव्हर्नस सायनसपर्यंत पोहोचतो. दाढांचा पू गालातील बक्सिनेटर स्नायूच्या आत राहिला तर हिरडीवर फुटतो, बाहेर गेला तर गालात पसरतो. चघळण्याच्या स्नायूंभोवती संसर्ग गेला की तोंड उघडेनासे होते. ‘दातखीळ बसणे’ हा मराठी वाक्प्रचार येथे नेमका लागू पडतो.

घशाच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे, कवटीच्या तळापासून मध्यपटलापर्यंत उतरणारा एक अवकाश आहे. त्याला इंग्रजीत सरळ ‘धोक्याचा’ म्हटले आहे. घशामागे पोहोचलेला पू या वाटेने थेट छातीत उतरू शकतो.

इंग्रजी ग्रंथकार ‘संभाव्य’ असे विशेषण जोडून संज्ञेतील उणीव भरून काढतात. परंतु नित्याच्या वापरात ते गळून पडते. मराठीत ‘संधी’ हा शब्द सुचण्याजोगा आहे, पण शरीरशास्त्रात तो सांध्यास दिलेला असल्याने घोटाळाच वाढेल. ‘पदर’ हा रोजच्या वापरातला शब्द अधिक उपयुक्त दिसतो. ‘जिभेखालचा पदर सुटला’ असे म्हटल्यास रोगाची क्रिया व तिचे स्थान दोन्ही एकदम कळतात.