सतराव्या वर्षी वय थोपवावे काय?



आवाज फुटला, मिसरूड आले, की पुष्कळ मुलांना त्याची मौज वाटते. पण एखादे मूल असे असते की, त्याला आरशात पाहणे नकोसे होते. एखादी मुलगी दर महिन्याला पाळीच्या दिवसांत शाळेला दांडी मारते. कारण तो देह तिला आपला वाटतच नाही. देहावरून जन्मतः ठरवलेले लिंग ज्याच्या मनाच्या ओळखीशी जुळत नाही, त्या व्यक्तीस पारलिंगी किंवा ट्रान्सजेंडर म्हणतात. हा वेडेपणा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांचे नवे वर्गीकरण मंजूर केले, त्यात ही गोष्ट मानसिक विकारांच्या यादीतून काढून टाकली.

अशी मुले आज मोबाइलवर ‘वयात येणे थांबवणाऱ्या इंजेक्शना’विषयी वाचतात आणि घरात विचारतात, ‘मी आता सतरा वर्षांचा, मला ते मिळेल का?’ घरचे गोंधळून जातात. म्हणून हे औषध काय करते ते आधी पाहू.

मेंदूच्या तळाशी एक केंद्र आहे. ते तासा-दोन तासांनी पोषग्रंथीला एका रसायनाच्या रूपाने हाक मारते. पोषग्रंथी ओ देते, वृषणांना किंवा बीजकोशांना कामाला लावते आणि मग पुरुषी किंवा स्त्रीचे हार्मोन रक्तात उतरते. या रसायनाची रचना १९७१ साली उलगडली; त्या शोधाबद्दल शाली आणि गियमँ यांना १९७७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आता गंमत अशी की, कोणी अधूनमधून हाक मारली तर आपण ओ देतो. पण दिवसभर एकसारखा हाकांचा मारा चालू ठेवला, तर लक्ष देईनासे होतो. पोषग्रंथीचेही तसेच आहे. इंजेक्शनातले औषध सतत हाक मारत राहते. पहिले काही दिवस हार्मोन उलट वाढते, मग दोन-चार आठवड्यांत ते खाली येते. हे इंजेक्शन बहुधा महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यावे लागते.

फार लहान वयात पाळी येणाऱ्या किंवा दाढी फुटणाऱ्या बालकांना हे औषध १९८० नंतर देऊ लागले. पारलिंगी मुलांसाठी त्याचा पद्धतशीर वापर नेदरलँड्समध्ये सुरू झाला. तिथल्या पहिल्या अशा रुग्णाची हकिगत १९९८ साली प्रसिद्ध झाली. वयात येण्यास नुकती सुरुवात झालेल्या मुलांसाठी, साधारण बाराव्या वर्षापासून, तो उपचार आखला होता.

सतराव्या वर्षाची गोष्ट निराळी, ती इथेच. हे औषध थांबवते, मागे नेत नाही. फुटलेला आवाज पुन्हा बारीक होत नाही, आलेली दाढी आपोआप जात नाही, वाढलेली छाती सपाट होत नाही. पुढची वाढ तेवढी रोखली जाते, पाळी थांबते आणि विचाराला अवधी मिळतो. हा लाभ खरा आहे, पण बाराव्या वर्षाइतका मोठा नाही. नुसती पाळी थांबवायची असेल तर त्याला साधी औषधेही आहेत.

आता त्याची किंमत. हाडे भरतात ती याच वयात, आणि त्यांना हार्मोन लागते. कोणतेच हार्मोन नसलेला देह फार काळ ठेवला तर हाडे कच्ची राहतात; अंगातून गरम वाफा येणे, थकवा, उदासपणा असेही होते. म्हणून हे औषध नुसतेच वर्षानुवर्षे देत नाहीत. हाडांची तपासणी करतात. औषध सोडल्यावर देहाचे काम पुन्हा सुरू होते. परंतु पुढे दुसऱ्या लिंगाचे हार्मोन घ्यायचे असेल, तर अपत्य होण्याची शक्ती घटू शकते. तो प्रश्न डॉक्टरांना आधीच विचारावा.

डॉक्टरांतही याबाबत एकमत नाही. इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांच्या २०२४ च्या अहवालाने पुरावा कमकुवत असल्याचे सांगितले आणि तेथे त्याच वर्षी अठराखालील पारलिंगी मुलांना नव्याने हे औषध देण्यावर बंदी आली. उलट अमेरिकेतील हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली नीट तपासून निवडलेल्या मुलांसाठी त्यास अनुकूल मार्गदर्शन दिले होते. पालकांना दोन्ही बाजू ठाऊक हव्यात.

आपल्याकडे अठराव्या वर्षी माणूस सज्ञान होतो. तोवर उपचाराला आईवडिलांची संमती घेतात. मूल सतरा वर्षे आठ महिन्यांचे असेल, तर उरलेले महिने वाया घालवू नयेत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हार्मोनतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची गाठ घ्यावी, तपासण्या करून घ्याव्यात, मुलाला काय हवे ते सावकाश ऐकावे.

खरा धोका असतो तो घरची दारे बंद झाली म्हणजे. मग मूल चोरून औषधे आणते. काही जण गर्भनिरोधक गोळ्या मोठ्या प्रमाणात खातात. त्याने रक्ताच्या गुठळ्या होऊन जिवावर बेतू शकते. रागावण्याने हे थांबत नाही. भगताकडे नेऊन किंवा घाईने लग्न लावूनही मनाची ओळख बदलत नाही. अशी ओळख ‘बदलण्याचे’ उपचार करणे हे डॉक्टरांचे गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली जाहीर केले.

गुरुजी, बाई, आपल्यापाशी असे मूल बोलले, तर ती गोष्ट त्याला न विचारता गावभर काय, घरीसुद्धा सांगू नका. वर्गात टिंगल चालली असेल तर ती त्याच दिवशी थांबवा. आणि मूल तयार असेल, तर आईवडिलांशी बोलताना त्याच्या शेजारी बसा. इंजेक्शन द्यावे की न द्यावे, ते डॉक्टर बघतील. पण डॉक्टरांच्या दारापर्यंत ते मूल एकटे जाऊ नये.