हळव्या द्राक्षाची ओळख



आपल्या पळस्प्याच्या नाक्यावरून एक रस्ता पुण्याला, दुसरा गोव्याला आणि तिसरा न्हावा-शेव्याच्या बंदराला जातो. या रस्त्यांवरच्या ड्रायव्हर-हमालांची संघटना बांधण्यात माझी उमर गेली. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते खोक्यांवरची अक्षरे वाचून आणि कामगारांच्या प्रश्नांना उत्तरे शोधून.

एकदा एका यार्डात ओक लाकडाची रिकामी पिंपे उतरत होती. एका हमालाने विचारले, "दादा, एवढ्या लांबून रिकामी पिंपं कशाला आणत्यात?" मला उत्तर आले नाही. ते शोधताना ज्या द्राक्षाशी माझी गाठ पडली, त्याची ओळख आज करून द्यायची आहे.

आधीच सांगतो, मी दारूचा प्रचारक नव्हे. चाळीतले किती संसार तिच्यापायी धुळीस मिळाले, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु ज्या पिकावर आपल्याच माणसांचे पोट चालते, ते समजून घेण्यात कमीपणा कसला?

या द्राक्षाचे नाव टेम्प्रानियो. स्पॅनिश भाषेत 'टेम्प्रानो' म्हणजे लवकर. आपल्याकडे भातात जसे हळवे आणि गरवे, तसेच हे द्राक्षांतले हळवे. स्पेनमधील गार्नाचासारख्या जातींच्या आधी ते पिकते. त्याचे मुख्य माहेर रियोहा प्रांत. गाव बदलले की नावही बदलते : दुएरो नदीच्या खोऱ्यात 'तिंतो फिनो', ला मांचात 'सेन्सिबेल', पोर्तुगालमध्ये 'तिंता रोरिझ'. कातालोनियातले लोक त्याला सशाचा डोळा म्हणतात. २०१२ साली शास्त्रज्ञांनी त्याचे आईबापही शोधून काढले. आल्बियो मायोर आणि बेनेदिक्तो या दोन जुन्या जातींच्या संकरातून ते जन्मले.

या द्राक्षाची वाइन अंगाने भरलेली असते, असे जाणकार म्हणतात. म्हणजे काय? निरसे दूध आणि पाणी घातलेले दूध जिभेवर ठेवून पाहा. फरक सांगावा लागत नाही. वाइनला हे अंग कशाने येते? बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस मुळात रंगहीन असतो. रंग आणि तुरटपणा असतो सालीत. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आकसते, तोच हा तुरटपणा. म्हणून द्राक्षे चिरडून साली रसासह आंबवतात. साखरेचा मद्यार्क होतो, आणि साल आपला कस रसाला देते. इथे खाण्याच्या द्राक्षाच्या उलटा हिशेब आहे. तिथे मणी मोठा हवा. इथे लहान, कारण लहान मण्यात रसाच्या मानाने साल अधिक.

पुढचे काम पिंपाचे. ओकच्या लाकडातून हवा हळूहळू आत झिरपते आणि तुरटपणा निवतो. रियोहात परंपरेने अमेरिकन ओक वापरतात. त्याने व्हॅनिला व नारळासारखा वास येतो. तिथला नियम असा की 'ग्रान रेसेर्वा' म्हणवणारी तांबडी वाइन निदान पाच वर्षे मुरलेली हवी, त्यांतली किमान दोन पिंपात. आमच्या हमालाच्या प्रश्नाचे उत्तर हे!

आता आपल्या मुलखात येऊ. १९४९ साली मुंबई प्रांताने दारूबंदीचा कायदा केला. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखून वाइनला उत्तेजन दिले. नाशिक जिल्ह्यात विदेशी जाती रुजल्या. दिंडोरी तालुक्यातील चारोसा येथे टेम्प्रानियो लावले गेले आणि त्याची वाइन बाजारात आली. या जातीत आंबटपणा मुळातच कमी. उष्ण रात्री तो आणखी घटवतात. म्हणून नाशिकच्या पठाराची उंची आणि हिवाळ्यातल्या गार रात्री तिला मानवतात.

परंतु एक अडचण उरतेच. स्पेनमध्ये कडक थंडीत वेल झोपतो आणि वसंतात आपोआप जागा होतो. आपल्याकडे तशी थंडी नाही. म्हणून वर्षातून दोन छाटण्या कराव्या लागतात : एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइड हे औषध लावतात. ते बहुधा मजुरांच्या हातूनच लागते.

हे औषध अंगात गेले असता माणसाने मद्य घेतले, तर काय होते? शरीर मद्यार्काचे आधी एका विषारी पदार्थात रूपांतर करते आणि मग तो पदार्थ मोडते. हे औषध ही दुसरी पायरी अडवते. विष साचते, तोंड लालबुंद होते, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब घसरतो. एका मळ्यावर असा तडफडणारा मजूर मी पाहिला आहे. "जास्त प्याला असेल" म्हणून सारे मोकळे झाले. तो दोनच घोट प्याला होता. बाटलीवरची सूचना त्याला कोणी वाचून दाखवली नव्हती.

म्हणून आमची मागणी साधी आहे. हातमोजे, धुण्यास पाणी व साबण, औषधाची सूचना मराठीत मोठ्याने वाचून दाखवणे, आणि या कामाच्या आधी व नंतरचे काही दिवस मद्य वर्ज्य, हे कारणासह समजावणे. यास फार पैसा लागत नाही. माणूस मोजावा लागतो.

वाइनचे अंग सालीतून येते, हे खरेच. परंतु नाशिकच्या मळ्यात वेलाला जाग येते ती मजुराच्या हातांनी. द्राक्षाची ओळख त्या हातांपर्यंत पोहोचली, तरच ती पुरी झाली, असे मी समजतो.