आम्ल जसंच्या तसं उरतं, मग ते करतं काय?

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टननं रुग्णाला ईथर हुंगवलं आणि भूल देऊन शस्त्रक्रिया होऊ शकते, हे जगानं पाहिलं. ईथर करायची रीत तेव्हाही जुनीच होती: अल्कोहोलात तीव्र सल्फ्युरिक आम्ल मिसळायचं, तापवायचं, निघणारी वाफ थंड करायची. पण आम्ल नेमकं करतं काय, यावर मोठमोठ्या रसायनज्ञांचं एकमत नव्हतं.

आम्ल अल्कोहोलातलं पाणी शोषून घेतं, असं म्हणणं सोपं होतं. पण मग ईथरच्या वाफेसोबत पाणीही बाहेर पडतं, ते का? शिवाय वरून अल्कोहोल सोडत राहिलं, तर तेवढंच आम्ल कितीतरी अल्कोहोलाचं ईथर करतं. स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियसनं १८३५ मध्ये अशा क्रियांना ‘कॅटॅलिसिस’ (उत्प्रेरण) हे नाव दिलं. नाव मिळालं, उलगडा झाला नाही.

तो केला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अलेक्झांडर विल्यमसननं, १८५० च्या सुमारास. त्याचा एक डोळा निकामी होता, एक हात लहानपणापासून अधू. त्यानं एथिल आणि अमाइल अशी दोन वेगळी अल्कोहोलं वापरली. ईथर एकाच रेणूतून पाणी जाऊन बनत असेल, तर दोन अल्कोहोलांची दोन वेगळी ईथरं मिळायला हवीत. त्याला मिळालं एका बाजूला एथिल आणि दुसऱ्या बाजूला अमाइल असलेलं मिश्र ईथर! म्हणजे दोन रेणू जोडले जात होते. रेणू कुणाला दिसत नसताना केवळ युक्तीनं त्याची रचना वदवून घेणारा हा प्रयोग मला रसायनशास्त्रातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो.

यात आम्ल काय करतं, ते आज आपण असं सांगतो. अल्कोहोलातला हायड्रॉक्सिल गट एरवी कार्बनला सोडत नाही. आम्लाचा प्रोटॉन त्याला चिकटला, की तो पाण्याच्या रूपात सहज सुटतो. त्याच वेळी दुसऱ्या अल्कोहोलाचा ऑक्सिजन पाठीमागून येऊन त्या कार्बनला जोडला जातो. शेवटी प्रोटॉन मोकळा होतो, पुढच्या रेणूसाठी. तापमान मात्र सांभाळावं लागतं: १४० अंश सेल्सिअसच्या आसपास ईथर, १७० च्या आसपास एथिलिन वायू.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं याच वाटेनं मेथॅनॉलपासून डायमिथाइल ईथर बनवण्याचं तंत्र विकसित केलं आहे. अशा प्रक्रियेत द्रव आम्लाऐवजी आम्लधर्मी घन उत्प्रेरक असतो, त्यावरून मेथॅनॉलची वाफ सोडतात. हे ईथर एलपीजीत मिसळता येतं. त्याच्या रेणूत दोन कार्बन एकमेकांना थेट जोडलेले नसतात, त्यामुळे ते जळताना काजळी जवळजवळ धरत नाही.