बाटलीवरचा पिवळा त्रिकोण

वीकेंडला म्हसळ्याला गेले होते. आंब्याला मोहोर आलेला, तुडतुड्यांवर फवारणी चालू. नाकाला रुमाल बांधलेल्या काकांच्या हातात बाटली, लेबलवर पिवळा त्रिकोण.

"शोभेला असेल गो!" काका हसले.

शोभेला? छे! १९६८च्या कीटकनाशक कायद्यानुसार फरिदाबादची नोंदणी समिती आधी तपासते: औषध किडीवर चालतं का, माणसा-जनावरांना किती घातक? मगच विक्रीला परवानगी. लाल त्रिकोण सर्वांत जहाल. मग पिवळा, निळा, हिरवा.

पण समिती अहवाल तपासते, काकांचा रुमाल नाही! २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसएक जण दगावले. पुढच्या खेपेला मास्क, हातमोजे नेतेय. आणि हापूस खाणाऱ्यांनो, तुम्ही?