घरच्या पुस्तकांची यादी संगणकावर करताना

मलपृष्ठावरच्या बारकोडवर मोबाइलचा कॅमेरा धरला की शीर्षक, लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या, मुखपृष्ठाचं चित्र असं सगळं आपोआप भरलं जातं. पुस्तकांची नोंद ठेवणारी बहुतेक ॲप हेच दाखवून आपल्याला बोलावतात आणि अलीकडच्या इंग्रजी पुस्तकांपुरतं ते खरंही आहे. मराठी घरातलं कपाट उघडलं की गोष्ट बदलते. निम्म्या पुस्तकांवर बारकोडच नसतो. काहींवर असतो तो दुकानाने चिकटवलेला. उरलेल्यांचा स्कॅन होतो, पण माहिती सापडत नाही किंवा सापडते ती रोमन लिपीत. अशा वेळी लोक कंटाळून काम सोडून देतात. ते सोडू नये म्हणून ही यंत्रणा आतून कशी चालते ते आधी समजून घेऊ.

बारकोडमध्ये पुस्तकाची माहिती नसते, फक्त एक क्रमांक असतो: आयएसबीएन. १ जानेवारी २००७ पासून तो १३ अंकी आहे, त्याआधी १० अंकी होता. सुरुवातीचे ९७८ म्हणजे 'ही वस्तू पुस्तक आहे'. पुढचे ८१ किंवा ९३ म्हणजे भारत. त्यानंतर प्रकाशकाचा क्रमांक, मग त्या पुस्तकाचा आणि सगळ्यात शेवटी एक ताळ्याचा अंक. हा शेवटचा अंक फार कामाचा आहे. उदाहरणापुरता ९७८८१२३४५६७८ हा आकडा घ्या. डावीकडून एकेका अंकाला आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं आणि बेरीज करायची: ९, २१, ८, २४, १, ६, ३, १२, ५, १८, ७, २४. बेरीज १३८. पुढची दहाची पट १४०, म्हणून ताळ्याचा अंक २. टाइप करताना ५ आणि ६ ची अदलाबदल झाली तर बेरीज १३६ होते, शेवटचा अंक जुळत नाही आणि सॉफ्टवेअर लगेच अडवतं. हाताने क्रमांक भरणाऱ्याला याचा मोठा आधार आहे.

भारतात हे क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था देते. ही व्यवस्था ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासूनची. म्हणजे त्याआधी छापलेल्या प्रतीवर क्रमांक शोधत बसण्यात अर्थ नाही, तो नसणारच. १० अंकी क्रमांक असलेलं पुस्तक मात्र वाया जात नाही. शेवटचा अंक काढायचा, पुढे ९७८ लावायचे आणि ताळ्याचा अंक नव्याने काढायचा. बहुतेक सॉफ्टवेअर हे स्वतःच करतात. जुन्या क्रमांकाच्या शेवटी कधी एक्स हे रोमन अक्षर दिसतं, ती छपाईची चूक नव्हे. तिथे तो दहासाठी वापरलेला असतो.

क्रमांक वाचून झाला की ॲप तो कुठल्यातरी मोठ्या भांडाराला विचारतं: ऑनलाइन दुकानांच्या याद्या, ओपन लायब्ररी, मोठ्या ग्रंथालयांच्या तालिका. मराठी पुस्तकांची सगळ्यात नेटकी माहिती बरेचदा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडते, कारण त्यांचं दिल्लीतलं कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांमधली पुस्तकं पद्धतशीरपणे गोळा करत आलं आहे. पण तिथली नोंद रोमन लिपीत असते, अक्षरांच्या डोक्यावर रेघा आणि पायाशी टिंबं घेऊन. ती जशीच्या तशी आपल्या यादीत आली तर 'श्यामची आई' असं देवनागरीत शोधल्यावर काहीच हाती लागत नाही. लायब्ररीथिंगसारख्या सेवेत अशी आलेली नोंद दुरुस्त करता येते, आणि ती दुरुस्त करावीच लागते.

म्हणून माझा सल्ला असा: घरात मराठी पुस्तकं जास्त असतील तर सुरुवात साध्या स्प्रेडशीटपासून करा. एक्सेल, लिबरऑफिस कॅल्क, गुगल शीट्स, काहीही चालेल. कोहा किंवा ई-ग्रंथालय ही भक्कम सॉफ्टवेअर आहेत, पण ती वर्गणीदार असलेल्या ग्रंथालयांसाठी. घरासाठी तेवढा पसारा नको. कॅलिबर उत्तम आहे, पण ते मुळात ई-पुस्तकांसाठी. स्प्रेडशीटमध्ये नीट भरलेली यादी नंतर बहुतेक ॲपमध्ये नेता येते. उलट दिशेने, ॲपमधून बाहेर काढताना, कधीकधी बरंच काही गळून पडतं.

रकाने कमी ठेवा: दाखल क्रमांक, शीर्षक, छापील लेखक, मूळ लेखक, अनुवादक किंवा संपादक, प्रकाशक, साल, आवृत्ती, आयएसबीएन, जागा, कुणाकडे, शेरा. परीक्षण, तारांकन, पृष्ठसंख्या, किंमत असले रकाने पहिल्या फेरीत वेळ खातात. शीर्षक मुखपृष्ठावरून उतरवू नका. मुखपृष्ठावर सजावटीसाठी शब्द वरखाली होतात, उपशीर्षक मोठं होतं. आतलं शीर्षकपान पाहा आणि साल, आवृत्तीसाठी त्याच्या मागची बाजू. दुसरी आवृत्ती आणि दुसरं पुनर्मुद्रण यांत फरक आहे. जे छापलंय ते लिहा. साल शके असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, शके १८५२ म्हणजे १९३०. पौषानंतरचे महिने मात्र पुढच्या इसवी सनात जातात. आणि यादीत सगळी सालं एकाच प्रकारच्या अंकांत भरा. काही देवनागरी, काही इंग्रजी अंक झाले तर अनुक्रम लावताना संगणक त्यांचे दोन वेगळे गठ्ठे करतो.

छापील लेखक आणि मूळ लेखक असे दोन रकाने कशाला, असं वाटेल. मराठी संग्रहाची खरी गुंतागुंत इथेच आहे. 'विशाखा'वर कुसुमाग्रज आहेत, 'नटसम्राट'वर वि. वा. शिरवाडकर. 'जोगवा'चे कवी आरती प्रभू आणि 'कोंडुरा'चे कादंबरीकार चिं. त्र्यं. खानोलकर एकच. 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकर या नावाने आलं, त्या मालतीबाई बेडेकर. राम गणेश गडकरी कवितेत गोविंदाग्रज होतात आणि विनोदात बाळकराम. छापलंय तेच नाव ठेवलं तर एका लेखकाची पुस्तकं तीन ठिकाणी विखुरतात. सगळीकडे खरं नाव घातलं तर 'कुसुमाग्रज' शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. दोन रकाने ठेवले की दोन्ही शोध जमतात. मोठी ग्रंथालयं यासाठी प्रत्येक लेखकाचं एक प्रमाण रूप ठरवून त्याची स्वतंत्र सूची ठेवतात. घरी वेगळ्या पानावर अशी छोटी यादी केली तरी पुरते: डावीकडे ठरवलेलं रूप, उजवीकडे बाकीची नावं.

ठरवलेलं रूप म्हणजे काय, तर 'देशपांडे, पु. ल.'. आडनाव आधी, स्वल्पविराम, मग आद्याक्षरं, प्रत्येक टिंबानंतर एक मोकळी जागा. 'पु.ल.' आणि 'पु. ल.' आपल्याला सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे लेखक वाटतात. आडनाव आधी घेतलं की गौरी देशपांडे आणि पु. ल. देशपांडे शेजारी येतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. स्प्रेडशीटमध्ये या रकान्याला ड्रॉपडाउन लावा, म्हणजे दरवेळी नाव टाइप न करता ठरलेल्या नावांतून निवडता येतं. तासाभराचं हे काम नंतरचे कित्येक तास वाचवतं.

आता लिपीकडे येऊ. इथे एक गोष्ट अगदी जवळून पाहायला हवी, कारण तिच्यामुळे चांगल्या चांगल्या याद्या निकामी होतात. आचार्य अत्र्यांचं 'कऱ्हेचे पाणी' घ्या. त्यातला 'ऱ्हे' संगणकावर दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत अशी: युनिकोडमध्ये खाली टिंब असलेला 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे; ते, मग हलंत, मग 'ह'. दुसरी रीत: नेहमीचा 'र', हलंत, त्यानंतर शून्य रुंदीचं एक अदृश्य जोडचिन्ह, मग 'ह'. पडद्यावर आणि छपाईत दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. पण तुम्ही एका कीबोर्डवरून नोंद केली आणि मुलीने दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं, तर पुस्तक समोरच्या फळीवर असताना यादी 'नाही' म्हणते. 'वाऱ्यावरची वरात'चंही तेच. 'ॲ' हे अक्षरही असंच: एक सुटं अक्षर, किंवा 'अ'वर अर्धचंद्र. उपाय सोपा आहे. घरात एकच कीबोर्ड ठरवा. इन्स्क्रिप्टमध्ये 'ऱ'ची स्वतंत्र कळ आहे, ती वापरा. आधी झालेल्या नोंदी 'शोधा आणि बदला' वापरून एका रूपात आणा.

शुद्धलेखनाचंही पाहावं लागतं. मराठी लेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये आले आणि बरेचसे अनुस्वार गेले. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'च्या जुन्या प्रतीवर 'लक्षांत' असा अनुस्वार असतो. शीर्षक छापल्याप्रमाणेच ठेवावं, जुन्या प्रतीचा तो मान आहे. पण शेजारी 'शोधनाव' असा एक जास्तीचा रकाना करून त्यात आजच्या लेखनाप्रमाणे शीर्षक घाला. फक्त जुन्या पुस्तकांसाठी लागेल तो.

अकारविल्हे लावतानाही चकवा आहे. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. अक्षरांच्या सांकेतिक क्रमानेच चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'ज्ञानेश्वरी' ज-च्या गटात शेवटी जाऊन बसते आणि 'क्ष'ने सुरू होणारी शीर्षकं क-च्या गटात. सेटिंगमध्ये भाषा मराठी निवडून बघा. तरी क्रम बदलला नाही तर कुठे बघायचं ते लक्षात ठेवायचं, एवढंच.

प्रकाशकांच्या जुन्या याद्या किंवा कुणी दिलेली फाइल आयती वापरायची असेल तर आधी तिचा फाँट तपासा. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमधला मजकूर फाँट बदलला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग होतो, कारण त्याच्या आत देवनागरी नसतेच. रोमन अक्षरांवर मराठी आकार चढवलेले असतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. त्यापेक्षा शीर्षकपानाचा फोटो काढून गुगल लेन्सने अक्षरं उचलणं किंवा मराठीत बोलून टाइप करणं जलद होतं. नंतर नजरेखालून घालावं लागतं, पण पाट्या टाकण्याचं काम वाचतं.

पुस्तकाला क्रमांक द्यायचा तो साधा, चढत्या क्रमाचा: १, २, ३. शीर्षकपानाच्या मागे खालच्या कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने. शाई कागदात उतरते आणि चिकटपट्टी वर्षांनी तपकिरी डाग सोडून गळते. क्रमांकात कपाट किंवा विषय गुंफू नका. कपाट बदललं की तो खोटा ठरतो. हरवलेल्या पुस्तकाचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नका. जागा वेगळ्या रकान्यात: 'हॉल-२-४' म्हणजे हॉलमधलं दुसरं कपाट, चौथी फळी. ड्युई दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा गट ८९१.४६ आहे, कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. ज्या घरात बहुतेक संग्रह मराठी साहित्याचाच आहे तिथे हा लांबलचक आकडा प्रत्येक पुस्तकावर घालून फारसं काही साधत नाही. कविता, नाटक, चरित्र, संदर्भग्रंथ असे ढोबळ गट पुरतात.

दहा खंडांचा भारतीय संस्कृतिकोश असेल तर प्रत्येक खंडाची वेगळी नोंद करा, कारण उसना जातो तो खंड, संच नव्हे. दिवाळी अंकांना नाव आणि साल पुरे. पण एखादा अंक विशिष्ट कथेसाठी जपला असेल तर ती कथा आणि लेखक शेऱ्यात लिहा, नाहीतर तो का ठेवला हे घरात कुणालाच कळणार नाही.

फाइल जपण्याबद्दल दोन गोष्टी. आयएसबीएनचा रकाना आधीच 'मजकूर' म्हणून ठरवून घ्या, नाहीतर स्प्रेडशीट १३ अंकी क्रमांकाला मोठी संख्या समजून त्याचं गणिती रूप दाखवतं आणि परदेशी पुस्तकांच्या १० अंकी क्रमांकातलं सुरुवातीचं शून्य खातं. दुसरं, ॲप वापरत असलात तरी वर्षातून एकदा-दोनदा सगळी यादी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून ठेवा. शेल्फारी नावाची पुस्तकप्रेमींची लाडकी सेवा २०१६ मध्ये बंद झाली. ज्यांनी यादी बाहेर काढून ठेवली होती त्यांचे कष्ट वाचले. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर देवनागरीऐवजी विचित्र चिन्हं दिसली तर घाबरू नका. मजकूर शाबूत असतो. डबल-क्लिक न करता 'डेटा' मेनूतून फाइल आत घ्या आणि यूटीएफ-८ निवडा. लिबरऑफिस हा प्रश्न स्वतःच विचारतं.

काम करताना एक फळी रिकामी करायची, पुसायची, नोंदवायची, परत लावायची, मग पुढची. दोघं असतील तर एकाने वाचायचं, दुसऱ्याने भरायचं. सगळी पुस्तकं एकदम जमिनीवर काढली की घर अडतं आणि काम अर्धवट राहतं. शीट फोनमध्ये असू द्या. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात एखादी प्रत हातात घेऊन 'हे आपल्याकडे आहे का' असं वाटलं की तिथेच उत्तर मिळतं. पुस्तक कुणी नेलं की 'कुणाकडे' रकान्यात नाव आणि तारीख, परत आलं की रकाना रिकामा. आणि दिवाळीच्या साफसफाईत यादी 'जागा' रकान्यानुसार लावून कपाटांसमोरून एक फेरी मारा: एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने पुस्तकाला हात लावायचा. जे सापडत नाही आणि ज्याचा 'कुणाकडे' रकाना रिकामा आहे, ते तांबड्या रंगात करून ठेवायचं.