उजव्या हाताचा असहकार

1965 साली अमेरिकेतला क्लीव्हलँड ऑर्केस्ट्रा सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर निघाला. सोबत पियानोवर लिऑन फ्लायशर असणार, हे ठरलेलं होतं. ऐन वेळी त्यांना वगळावं लागलं. त्यांच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी वाजवताना आपोआप तळव्याकडे मुडपत होती. वय जेमतेम 36.

फ्लायशर यांनी पियानो सोडून दुसऱ्या कशाचा विचारच केलेला नव्हता. खरं तर तो करायला त्यांना कुणी सवडही दिली नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ज्यू कुटुंबात 1928 साली जन्म. वडील टोप्या तयार करणारे. आईने लेकापुढे दोनच पर्याय ठेवले होते: अमेरिकेचा पहिला ज्यू राष्ट्राध्यक्ष हो, नाहीतर थोर पियानोवादक. चौथ्या वर्षी शिकवणी सुरू झाली. पुढे लहान वयातच ते नामवंत पियानोवादक आर्तुर श्नाबेल यांच्याकडे शिकायला गेले. आपल्याकडच्या भाषेत, गंडाबंध शागीर्द झाले. सोळाव्या वर्षी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबत कार्नेगी हॉलमध्ये वादन आणि 1952 मध्ये ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत पहिला क्रमांक. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले अमेरिकन.

हाताला झालेल्या आजाराचं नाव फोकल डिस्टोनिया. ते कळायला मात्र जवळपास तीन दशकं जावी लागली. हा स्नायूंचा नाही, मेंदूचा बिघाड आहे. मेंदूत प्रत्येक बोटाच्या हालचालीसाठी वेगळी जागा नेमलेली असते. त्याच त्या बारीक हालचाली वर्षानुवर्षं केल्या की काहींच्या बाबतीत या जागांमधले बांध कोरले जातात आणि एका बोटाला दिलेला हुकूम शेजारचं बोटही पाळू लागतं. गंमत म्हणजे, आणि ती क्रूर गंमत आहे, बऱ्याच रुग्णांचा तोच हात इतर कामं बिनबोभाट करतो. शर्टाची बटणं लागतात, चहाचा कप उचलता येतो. वाद्यावर ठेवला की नाही म्हणतो. व्यावसायिक वादकांपैकी साधारण शंभरात एकाला हा त्रास होत असावा, असा वैद्यकीय अंदाज आहे.

फ्लायशर यांनी सुरुवातीला काय केलं असेल? सराव वाढवला. दिवसाला सात-आठ तास. रियाजावर श्रद्धा असलेल्या कुणीही हेच केलं असतं. आपल्याकडेही बोट अडलं की गुरुजी पहिल्यांदा रियाज वाढवायलाच सांगतील. दुर्दैवाने या आजारात तोच उपाय अपाय ठरतो.

मग इंजेक्शनं झाली, संमोहन झालं, मानसोपचार झाले. गुण येईना. संसार मोडला. जीव द्यावा असे विचार मनात येऊन गेले, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं आहे. त्या काळात त्यांनी दाढी वाढवली, केसांची पोनीटेल बांधली आणि वेस्पा स्कूटर घेतली.

हळूहळू दुसरी कामं उभी राहिली. बाल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेत ते आधीपासून शिकवत होतेच. आता हाताने वाजवून दाखवायची सोय उरली नव्हती. संगीतातलं काय हवंय ते शब्दांत सांगणं भाग होतं. त्यामुळे आपण शिक्षक म्हणून सुधारलो, असं ते म्हणत. ते ऑर्केस्ट्राचं संचालन करू लागले. आणि डावा हात तर शाबूत होताच! पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेले व्हिएन्नाचे पियानोवादक पॉल विटगेनस्टाइन यांनी राव्हेल, प्रोकोफिएव्ह अशा दिग्गजांकडून फक्त डाव्या हातासाठी रचना लिहून घेतल्या होत्या. त्या फ्लायशर यांच्या कामी आल्या.

इथे ‘संकटावर मात’ असा मथळा द्यायचा मोह होतो. पण 1982 ची संध्याकाळ तो मोह मोडून काढते. बाल्टिमोरच्या नव्या मेयरहॉफ सभागृहाचं उद्घाटन होतं, टीव्हीवर प्रक्षेपण होतं आणि फ्लायशर दोन्ही हातांनी परतणार म्हणून गाजावाजा झाला होता. बेथोव्हनचा चौथा पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, वाजवायचा बेत होता. तो झेपणार नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी फ्रांकची तुलनेने सोपी रचना घेतली. टाळ्यांचा कडकडाट झाला, कौतुकाचे रकाने भरले. हात बरा झालेला नाही, हे वाजवणाऱ्याला माहीत होतं. ते पुन्हा डाव्या हाताकडे वळले.

नव्वदच्या दशकात निदान झालं आणि बोटॉक्सची इंजेक्शनं सुरू झाली. सुरकुत्या घालवणारं म्हणून माहीत असलेलं हे औषध मुळात स्नायूकडे जाणारा मज्जातंतूचा निरोप अडवतं, त्यामुळे आखडलेला स्नायू सैलावतो. परिणाम तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा सुई. सोबत मालिशीचे उपचारही होते. 1995 पासून ते दोन्ही हातांनी मैफलीत वाजवू लागले आणि 2004 मध्ये ‘टू हँड्स’ हा अल्बम आला. त्याच वर्षी डिसेंबरात, 76 व्या वर्षी, त्यांनी बर्लिनमध्ये हिंडेमिथच्या एका रचनेचं पहिलं सादरीकरण केलं. ती विटगेनस्टाइन यांनी 1923 मध्ये लिहून घेतली होती, पण न आवडल्याने कधी वाजवलीच नव्हती. ती होती एकट्या डाव्या हातासाठी! म्हणजे उजवा परत मिळाल्यावरही डाव्याचं काम सुटलं नव्हतं.

आपण बरे झालो, असा दावा त्यांनी कधी केला नाही. 2020 मध्ये 92 व्या वर्षी ते गेले, तोवर आजार सोबत होता.

या आजाराचा एक सख्खा भाऊ आपल्या ओळखीचा आहे. लिहिताना बोटं पेनाभोवती आवळतात, मनगट वाकतं, अक्षर बिघडतं. डॉक्टर त्याला ‘रायटर्स क्रॅम्प’ म्हणतात. घरात कुणाचं असं होत असेल, किंवा तबला-पेटीवर एखादं बोट ऐकेनासं झालं असेल, तर अक्षर गिरवून घेण्याआधी किंवा रियाज वाढवण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांना हात दाखवा. जाताना वही किंवा वाद्य सोबत न्या. कारण नुसता हात तपासला तर तो अगदी धडधाकट दिसण्याची शक्यता असते.